वापरलेल्या अणुइंधनाचा जमाखर्च

सह्याद्रीच्या माथ्यावर आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवून टाटांनी ते १९२२ साली कड्याखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरविले, आणि तेव्हापासून ते पाणी जनित्रांची चाके फिरवून झाल्यावर वाया न जाता राजनाल्याच्या पाटाने कर्जत तालुक्यातील उन्हाळी भात पिकवीत आहे व उरलेले पेज नदीच्या वाटेने उल्हासला मिळून नेरळ, शेलू, वांगणीवरून खालच्या शहरांची तहान भागवीत आहे. एका कामातून मोकळी झालेली वस्तू दुसऱ्या कामास लावण्यातील शहाणपण ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहिले जाते, तेथील वाचकाला अणुभट्टीतून काढलेले इंधन पुन्हा वापरता येते असे सांगितले, म्हणजे मग ते जमिनीत पुरण्याची भाषा कोणी का करावी, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. प्रश्न योग्यच आहे. मात्र भिवपुरीच्या पाण्याला दुसऱ्या कामापर्यंत नेणारे बळ गुरुत्वाकर्षणाचे असल्यामुळे त्याची किंमत कोणाच्याच नावे पडत नाही, आणि अणुइंधनाला दुसऱ्या कामापर्यंत नेणारे बळ सरकारी खजिन्यातून, म्हणजे अखेर प्रजेच्या करातून, उभे करावे लागते. ते किती, कोणाच्या खाती आणि किती मुदतीसाठी, हे सामान्य नागरिकाला उमजावे एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

शेलूच्या घरांत जी वीज येते तिच्यात पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचाही अंश असतो. तेथील पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. चौथी व तिसरी, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, अनुक्रमे २००५ व २००६ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. या नव्या जोडीत जे नैसर्गिक युरेनियम जळते, त्यात विखंडन पावणारा अंश शेकडा ०.७ एवढाच असतो, आणि जड पाण्याच्या साहाय्याने त्यातून होईल तेवढी उष्णता काढून घेतली की सुमारे ७,००० मेगावॅट-दिवस एवढे काम केल्यानंतर एक टन इंधन भट्टीबाहेर येते. बाहेर आलेल्या त्या टनात जवळजवळ ९९ टक्के युरेनियमच असते, पण त्याचा उपयुक्त अंश फारच खालावलेला. साडेतीन ते पावणेचार किलो प्लुटोनियम नव्याने जन्मलेले असते. आणि सीझियम, स्ट्राँशियम यांसारखी विखंडनातून उपजलेली, अत्यंत किरणोत्सारी अशी द्रव्ये सात किलोच्या आसपास असतात. या सात किलोंपायीच ते सगळे टनभर इंधन माणसाला जवळ जाण्यास अयोग्य होते आणि कित्येक वर्षे पाण्याच्या खोल टाक्यांत निवत ठेवावे लागते.

निवल्यानंतर दोन मार्ग उघडे असतात. ते इंधन आम्लात विरघळवून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढावे, ते पुन्हा भट्टीत वापरावे आणि शेष राहिलेला तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत बद्ध करून ठेवावा, हा पुनर्प्रक्रियेचा मार्ग. आणि इंधन जसेच्या तसे मजबूत नळकांड्यांत बंद करून शेकडो मीटर खोल खडकात कायमचे पुरावे, हा थेट विल्हेवाटीचा मार्ग. दोहोंच्याही शेवटी काही ना काही पुरावेच लागते, ही गोष्ट पुनर्प्रक्रियेची तरफदारी करणारे पुष्कळदा सांगावयास विसरतात.

भारताने पहिला मार्ग धरला तो फार लवकर, आणि तो निर्णय महाराष्ट्राच्या भूमीवरच अमलात आला. तुर्भे येथे प्लुटोनियम वेगळे काढणारा प्रकल्प उभारण्यास नेहरू सरकारने १९५८ साली संमती दिली. 'फिनिक्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या कामाची धुरा होमी सेठना यांनी वाहिली. आणि २२ जानेवारी १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते प्रकल्पाचे उद्घाटन झाले. देश अन्नधान्यासाठी परदेशाकडे पाहत असता ज्या अभियंत्यांनी व रसायनशास्त्रज्ञांनी इतकी अवघड विद्या इतक्या अल्पकाळात हस्तगत केली, त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. होमी भाभांची योजना त्रिस्तरीय होती: प्रथम नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्या, मग त्यांतून मिळालेल्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या, स्वतः जाळतील त्याहून अधिक इंधन निर्माण करणाऱ्या प्रजनक भट्ट्या, आणि अखेरीस आपल्या सागरकिनाऱ्यांवरील वाळूत विपुल असलेल्या थोरियमचा उपयोग. या योजनेत पुनर्प्रक्रिया हा पहिल्या स्तरावरून दुसऱ्यावर जाण्याचा एकमेव जिना होता, आणि म्हणून तिची किंमत काय, असा प्रश्न त्या पिढीला गैरलागू वाटला असल्यास नवल नाही. शिवाय १९७४ च्या मे महिन्यात पोखरण येथे जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियमही तुर्भ्याचेच होते; संरक्षणाची गरज आणि विजेची गरज एकाच दप्तरात नोंदली गेल्याने या व्यवहाराचा निखळ व्यापारी हिशेब आरंभापासूनच धूसर राहिला.

आता त्या व्यवहाराचा खर्चाचा रकाना पाहू. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात इंधनाच्या नळ्या यंत्राने तुकडे तुकडे करून उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवितात आणि त्या द्रावणातून ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाच्या द्रव्याच्या योगाने युरेनियम व प्लुटोनियम ओढून घेतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही क्रिया कोणत्याही धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्यातील क्रियेहून फारशी निराळी नाही. निराळे आहे ते एवढेच, की ती एक मीटरहून जाड काँक्रीटच्या भिंतींआड, मनुष्याचा हात कोठेही न लागता घडवून आणावी लागते, एखादी झडप बिघडली तरी ती बदलण्यासाठी महिने खर्ची पडतात, आणि द्रावणातील प्लुटोनियम एका जागी प्रमाणाबाहेर साचून आपोआप विखंडनाची साखळी सुरू होऊ नये म्हणून भांड्यांचा आकारसुद्धा मोजूनमापून ठरवावा लागतो. खर्च होतो तो या सावधगिरीवर, आणि ती तसूभरही कमी करता येण्याजोगी नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू बन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या प्रश्नाचा पद्धतशीर हिशेब मांडला, त्याचे तात्पर्य असे, की किलोमागे १,००० डॉलर दराने पुनर्प्रक्रिया होते असे धरले, तर बाजारातील युरेनियमचा भाव किलोला ३५० डॉलरच्याही पुढे गेल्याखेरीज सध्याच्या प्रकारच्या भट्ट्यांसाठी पुनर्प्रक्रिया थेट विल्हेवाटीच्या बरोबरीस येत नाही. त्या वेळी युरेनियमचा भाव याच्या दशांशाच्या आसपास होता. पुढे २००७ च्या उन्हाळ्यात तो अल्पकाळ या मर्यादेच्या जवळ जाऊन पोहोचला आणि लगेच कोसळला. खाणीतून नवे युरेनियम आणणे हे वापरलेल्यातून जुने काढण्यापेक्षा स्वस्त, अशीच स्थिती गेली अर्धी शताब्दी बहुतांशी राहिली आहे.

पण हा सगळा हिशेब समृद्ध युरेनियम वापरणाऱ्या परदेशी भट्ट्यांचा झाला. आपल्या भट्ट्यांचे गणित याहून बिकट आहे, आणि ते वाचकाने स्वतः करून पाहावे इतके सोपे आहे. एम. व्ही. रमणा व जे. वाय. सुचित्रा या अभ्यासकांनी २००७ साली कल्पाक्कम येथील कारखान्याच्या आकड्यांवरून भारतातील पुनर्प्रक्रियेचा खर्च वापरलेल्या इंधनाच्या किलोमागे सुमारे २६,००० रुपये काढला. हा दर धरला तर एका टनास २ कोटी ६० लाख रुपये होतात. वर सांगितल्याप्रमाणे एक टन इंधन ७,००० मेगावॅट-दिवस उष्णता देते. तिच्यातील शेकडा २९ भागाची वीज होते असे मानले, तर टनामागे पावणेपाच कोटी युनिटांच्या थोडे वर वीज मिळते. भागाकार करा: पुनर्प्रक्रियेचा भार दर युनिटाला ५० पैशांच्या किंचित वर जातो. फ्रान्स वा जपानमधील भट्टीत एक टन समृद्ध इंधन ४५,००० मेगावॅट-दिवस काम करते, म्हणजे विजेच्या रूपाने आपल्या टनाच्या सुमारे सातपट देते, आणि शिवाय त्यात प्लुटोनियमही नऊ-दहा किलो भरते. म्हणून तेथे हाच भार युनिटामागे विरळ होऊन जातो. ज्या जातीच्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणे दर युनिटाला सर्वांत महाग पडते, त्याच जातीच्या इंधनावर ती करण्याचा निश्चय भारताने केला आहे. जड पाण्याच्या भट्ट्यांची विद्या आपण ज्या कॅनडाकडून घेतली, त्या देशाने मात्र आपले वापरलेले इंधन विरघळविण्याच्या भरीस न पडता ते खोल खडकात पुरण्याचे ठरविले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ऑंटेरिओ प्रांतात त्यासाठी जागाही मुक्रर केली.

इतर देशांचा अनुभव थोडक्यात सांगण्याजोगा आहे. ब्रिटनने सेलाफील्ड येथे 'थॉर्प' नावाचा मोठा कारखाना १९९४ साली चालू केला. २००५ साली त्यात गळती सापडली आणि २०१८ साली तो कायमचा बंद झाला. तेथे साठलेले सुमारे १४० टन प्लुटोनियम एके काळी राष्ट्राची मत्ता म्हणून गणले जात असे, पण त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि २०२५ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने ते इंधन म्हणून न वापरता स्थिर पदार्थात बद्ध करून पुरण्याचा निर्णय जाहीर केला. जमेच्या रकान्यातील रक्कम एका दिवसात देण्याच्या रकान्यात गेली. जपानच्या रोक्काशो येथील कारखान्याचे बांधकाम १९९३ साली सुरू होऊन १९९७ मध्ये संपावयाचे होते. त्याची मुदत आजवर सत्तावीस वेळा पुढे ढकलली गेली आहे आणि बांधकामाचा खर्च मूळ अंदाजाच्या चौपट झाला आहे. फ्रान्समधील ला आग येथील कारखाना मात्र खरोखर चालतो, पण तेथेही पंतप्रधानांसाठी २००० साली तयार झालेल्या अहवालाने पुनर्प्रक्रिया थांबविल्यास पैशाची बचत होईल असाच निष्कर्ष काढला होता.

एवढ्यावरून थेट विल्हेवाट स्वस्त व सुकर असा निर्वाळा देणे मात्र घाईचे होईल. अमेरिकेने १९७७ साली, अध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत, व्यापारी पुनर्प्रक्रिया अनिश्चित काळासाठी तहकूब केली, १९८२ साली कायदा करून दर युनिट विजेमागे एक दशांश सेंट वसूल करण्यास आरंभ केला आणि १९८७ साली नेवाडातील यक्का पर्वत ही एकच जागा निवडली. निधीत ४० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम जमली. जागा मात्र स्थानिक जनतेच्या व प्रांतिक राजकारणाच्या विरोधापुढे २०१० च्या सुमारास सोडून द्यावी लागली, सरकार इंधन ताब्यात घेण्याचा करार पाळू न शकल्याने वीज कंपन्यांना १० अब्ज डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई अदा करावी लागली, आणि न्यायालयाच्या हुकमानंतर २०१४ साली ती वसुलीही बंद पडली. ज्या विवराचा हिशेब कागदावर स्वस्त दिसत होता, ते विवर इंधनासाठी कधी उघडलेच गेले नाही. याउलट फिनलंडने ओल्किलुओटो बेटावर चारशे मीटरहून अधिक खोलीवर, दोन अब्ज वर्षांच्या आसपास वय असलेल्या खडकात, ओंकालो नावाचे भूगर्भकोठार प्रत्यक्ष खोदले. तांब्याच्या नळकांड्यांत बंद केलेले ६,५०० टन इंधन बेंटोनाइट मातीत लपेटून तेथे ठेवण्याची योजना आहे, आणि त्याचा पैसा वीज विकतानाच, वर्षानुवर्षे, स्वतंत्र सरकारी निधीत बाजूला काढला गेला. स्थळनिवडीच्या कामी गावकऱ्यांच्या पंचायतीस नकाराधिकार होता, ही गोष्ट मला तांब्याइतकीच मोलाची वाटते.

आपल्याकडे असे कोठार नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत उष्णतेचा खडकावर होणारा परिणाम तपासण्याचे प्रयोग मात्र झालेले आहेत. कर्जत-खालापूरकडील काळा पाषाण या कामी येईल काय, असा विचार एखाद्याच्या मनात आल्यास त्याने एवढे लक्षात घ्यावे, की अमेरिकेत हॅनफोर्डच्या अशाच बेसॉल्ट खडकाची परीक्षा बराच काळ चालली होती आणि १९८७ साली तो पर्याय सोडून देण्यात आला. थरांच्या सांध्यांतून व चिरांतून पाणी झिरपू देणारा खडक कसा असतो, हे माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्यास वेगळे सांगणे नको.

भारताच्या निर्णयामागे बाजारभावापलीकडचे एक कारण होते, आणि ते न्यायाने मांडले पाहिजे. जादूगुडाच्या खाणीतील युरेनियमचे धातुक निकृष्ट प्रतीचे. १९७४ नंतर जगाने आपल्याला इंधन विकण्यास नकार दिला. आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसाठी १९६३ च्या करारान्वये समृद्ध युरेनियम पुरविण्यास बांधलेल्या अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर ते प्रथम फ्रान्सकडून, नंतर चीन व रशियाकडून मिळवावे लागले. त्या भट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्यास अमेरिकेची अनुमती हवी होती, ती कधी मिळाली नाही, आणि त्याच तारापुरात या कामासाठी १९७० च्या दशकात मुद्दाम बांधलेल्या कारखान्याला दुसऱ्याच भट्ट्यांचे इंधन हाताळावे लागले. पुढे २००७-०८ च्या सुमारास देशी युरेनियमचा इतका तुटवडा पडला, की अनेक भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवाव्या लागल्या. ज्याला बाजारात उभेच राहू दिले जात नाही, त्याच्या दृष्टीने बाजारभावाला अर्थ काय? त्या काळापुरते हे उत्तर बिनतोड होते. पण सप्टेंबर २००८ मध्ये अणुइंधन पुरवठादार देशांनी भारतावरील निर्बंध उठविले, तेव्हापासून रशिया, कझाकस्तान, कॅनडा येथून युरेनियम येऊ लागले, आणि या युक्तिवादाचे अर्धे वजन कमी झाले. उरलेले अर्धे प्रजनक भट्टीवर अवलंबून आहे.

कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रजनक भट्टीस २००३ साली ३,४९२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, पुढील वर्षी काम सुरू झाले आणि २०१० साली ती चालू व्हावयाची होती. प्रत्यक्षात तिच्यात गाभा भरण्यास २०२४ च्या मार्चमध्ये आरंभ झाला. अशा एका भट्टीच्या पहिल्या गाभ्यास सुमारे दोन टन प्लुटोनियम लागते. टनामागे साडेतीन किलो मिळते असे धरल्यास त्यासाठी साडेपाचशे टनांहून अधिक इंधन विरघळवावे लागते, म्हणजे दरसाल १०० टन क्षमतेचा कारखाना पूर्ण वेगाने पाच-सहा वर्षे राबवावा लागतो, आणि वरील २६,००० रुपयांच्या दराने त्या प्लुटोनियमची किंमत १,४०० कोटी रुपयांच्या पुढे जाते. भट्टीच्या मूळ मंजुरीच्या शेकडा ४० इतकी ही रक्कम आहे. प्रजनक भट्टीची वीज स्वस्त की महाग याचा विचार करताना हे प्लुटोनियम फुकट मिळाले असे मानले, तर एक उत्तर येते. त्याची रीतसर किंमत लावली, तर अगदी निराळे. कारखान्यांचा खर्च खात्याच्या अर्थसंकल्पातून आणि विजेची किंमत वीजदरातून अशी विभागणी असल्यामुळे ग्राहकाला दिसणाऱ्या दरात हा आकडा पुरता उतरत नाही; भट्ट्या मोडीत काढण्यासाठी युनिटामागे दोन पैसे बाजूला काढले जातात, तशी या कामासाठी निराळी व उघड नोंद असणे अगत्याचे आहे.

काही नोंदी तर कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली, तेथील मच्छीमारांचा व शेतकऱ्यांचा संसार विस्कटला, आणि पुनर्वसनाचा तगादा त्यांना वर्षानुवर्षे लावावा लागला. विजेच्या कोणत्याही पद्धतीचा ताळेबंद मांडणाऱ्याने हे ऋण लिहिल्याशिवाय बेरीज करू नये. जमेच्या बाजूलाही असेच काही आहे. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी काचेत बद्ध करावयाच्या त्या तीव्र द्रवातून सीझियम वेगळे करून त्याच्या काचेच्या कांड्या रक्तपेढ्यांतील किरणयंत्रांसाठी दिल्या आणि रुथेनियम काढून डोळ्यांच्या कर्करोगावर उपयोगी पडणाऱ्या चकत्या बनविल्या. रुपयांत ही कमाई किरकोळ असेल, पण ज्याच्या डोळ्यावर ती चकती बसली त्याच्या हिशेबात ती किरकोळ नाही, आणि इंधन जसेच्या तसे पुरले असते तर ती मिळाली नसती.

मग करावे काय? माझ्या मते या वादात तिसऱ्या मार्गाकडे फार दुर्लक्ष झाले आहे, तो म्हणजे थांबण्याचा. वापरलेल्या इंधनाची किरणोत्सारिता चाळीस वर्षांत भट्टीतून काढतेवेळीच्या मानाने सहस्रांशावर येते, उष्णताही त्याच बेताने उतरते, आणि भूगर्भकोठाराचा आकार प्रामुख्याने उष्णतेवरून ठरत असल्यामुळे थंड झालेले इंधन पुरणेही स्वस्त पडते व विरघळविणेही सोपे जाते. प्रारंभी पाण्यात निववून नंतर कोरड्या, हवेने थंड राहणाऱ्या पिंपांत ते ठेवण्याचा खर्च दोन्ही मार्गांच्या खर्चाच्या मानाने अल्प आहे. पैशाच्या दृष्टीनेही विलंबाला मोल आहे: दरसाल शेकडा ४ व्याजाने पन्नास वर्षांत एका रुपयाचे सात होतात, म्हणजे अर्ध्या शतकानंतर लागणाऱ्या शंभर रुपयांसाठी आज चौदा रुपये पुरतात. अट एकच, की ते चौदा रुपये आज खरोखर बाजूला काढून अशा निधीत ठेवले पाहिजेत, की ज्याला कोणत्याही तुटीच्या वर्षी हात लावता येणार नाही. तसे न करता नुसते थांबणे म्हणजे नातवंडांच्या नावे हुंडी लिहून ठेवणे होय.

तारापूर येथे २०११ साली दुसरा पुनर्प्रक्रिया कारखाना राष्ट्रास अर्पण झाला, तोही दरसाल १०० टन क्षमतेचा. शेजारच्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या चांगल्या चालल्या तर त्यांतूनच वर्षाला दीडशे टनांच्या आसपास इंधन बाहेर पडते. याहून मोठ्या कारखान्यांच्या मंजुरीचा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुन्हा येत राहणार. प्रजनक भट्ट्या ज्या गतीने प्रत्यक्ष चालू होतील आणि प्लुटोनियम मागतील, त्याच गतीने पुनर्प्रक्रिया वाढवावी, त्यापुढे जाऊन ब्रिटनप्रमाणे बिनगिऱ्हाइकाचे प्लुटोनियम साठवू नये, आणि प्रत्येक नव्या कारखान्याच्या मंजुरीबरोबर किलोमागे पुनर्प्रक्रियेचा खर्च, काचेत बद्ध करण्याचा खर्च व अखेरच्या कोठारासाठी केलेली तरतूद असे तीन आकडे संसदेच्या पटलावर ठेवले जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संरक्षणाच्या कामाचे आकडे गुप्त राहावेत हे मान्य. पण आंतरराष्ट्रीय निरीक्षणाखाली असलेल्या नागरी भट्ट्यांच्या इंधनाला ती सबब लागू पडत नाही, आणि या तीन आकड्यांची मागणी करण्यास आपल्या खासदारापाशी शब्द टाकणे प्रत्येक वीजग्राहकाला शक्य आहे.